टेन्शनमध्ये प्रार्थना करायची म्हणजे नेमकं काय करायचं? पुण्याच्या धावपळीतल्या ख्रिस्ती माणसासाठी

आपल्याकडे रविवारची भक्ती (उपासना) संपली की देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दारात हमखास कानावर पडणारं वाक्य म्हणजे "प्रार्थना करा, प्रभू बघून घेईल." म्हणणारा मनापासूनच म्हणतो, त्याबद्दल शंका नाही, पण ज्याचा जॉब गेलाय किंवा ज्याच्या आईचं डायलिसिस चालू आहे तो मान हलवतो, घरी जातो, रात्री गुडघ्यावर बसतो आणि पाच मिनिटांत लक्षात येतं की आपण प्रार्थना करत नाहीये, आपण डोळे मिटून तीच काळजी परत परत उगाळतोय. "देवा सगळं नीट कर, देवा सगळं नीट कर." आमेन म्हणून उठलं तरी छातीवरचं ओझं जिथल्या तिथं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मोघम प्रार्थनेनं मोघमच आधार मिळतो. ओझ्याला नाव द्यायचं, ते नाव घेऊन देवासमोर ठेवायचं, आणि उठून त्यातलं आपल्या वाटचं एक काम करायचं. पवित्र शास्त्रातली (बायबलमधली) प्रेशरखाली आलेली माणसं बघितली तर ती साधारण हेच करताना दिसतात. खाली जे लिहिलंय ते त्यांच्याकडूनच घेतलंय, फक्त हिंजवडीचं ट्रॅफिक आणि वन बीएचके धरून. कॅथलिक असा, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे असा, पेंटेकॉस्टल असा, याने फारसा फरक पडत नाही.

आधी जेवा आणि झोपा

हो, प्रार्थनेच्या लेखात पहिली पायरी हीच. बायबलमधल्या '१ राजे' या पुस्तकाचा १९ वा अध्याय काढून वाचा. एलीया संदेष्टा, कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाल्यावर, ईजबेल राणीच्या धमकीनं पळत सुटतो, रानात रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि सरळ म्हणतो, प्रभू आता पुरे, माझा प्राण घे. आता एवढ्या मोठ्या माणसाला देवानं काय दिलं? प्रवचन नाही दिलं. झोपू दिलं. मग देवदूतानं उठवलं तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाल्लं, प्यायला, परत झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला, परत खायला लावलं, कारण पुढचा प्रवास लांबचा आहे असं त्याला सांगितलं. देवाशी बोलणं झालं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर.

त्यामुळे रात्री दोनला कोडिंग संपवून, दिवसभरात चहा आणि क्रीमरोलवर काढून, "माझा विश्वास कमी पडतोय का" असा निष्कर्ष काढू नका. तुम्हाला कदाचित फक्त भूक लागलीये. मोठा निर्णय, मोठं भांडण आणि मोठी प्रार्थना, तिन्ही गोष्टी उपाशीपोटी आणि जागरणात टाळा. (उपासप्रार्थना वेगळी गोष्ट आहे, ती ठरवून, तब्येत बरी असताना करतात. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका, पाळक साहेबांनी (पास्टरनी) सांगितलं असलं तरी.)

ओझं कागदावर उतरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हिज्कीया राजाची गोष्ट आहे, २ राजे १९. अश्शूरचा राजा सन्हेरीब यरुशलेमवर चालून येतोय आणि त्याच्याकडून धमकीचं पत्र आलंय. हिज्कीया ते पत्र वाचतो, परमेश्वराच्या मंदिरात जातो आणि तिथं ते पत्रच उलगडून देवापुढे पसरतो. मला हे फार आवडतं. म्हणजे देवाला काय माहीत नव्हतं का पत्रात काय आहे? पण हिज्कीयाला ते हातातून खाली ठेवायचं होतं. आणि मग तो प्रार्थना करतो ती पण नेमकी आहे, सन्हेरीब काय म्हणाला, अश्शूरच्या राजांनी आजवर काय काय केलंय हे खरं आहे असं तो कबूल करतो, आणि मग काय हवंय ते मागतो. समोरचं संकट खोटं आहे असं तो म्हणत नाही.

तर तुम्ही पण हेच करा. जेवणं झाली, भांडी आवरली, पोरं झोपली की टेबलावर (नाहीतर सतरंजीवर, आमच्याकडे सतरंजीच) ती खरी कागदपत्रं ठेवा. बँकेची नोटीस, हॉस्पिटलचं एस्टिमेट, मुलाची प्रीलिमची मार्कशीट, ऑफिसमधून आलेलं परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंटचं मेल असेल तर फोनवर उघडून फोन तिथे ठेवा. वाद एखाद्या माणसाशी असेल तर एका चिठ्ठीवर त्याचं नाव लिहा. आता एक वही घ्या आणि प्रत्येक गोष्टीसाठी एक साधं वाक्य लिहा, ज्यात आकडा, नाव किंवा तारीख आहेच.

"पैशाचं टेन्शन आहे" हे चालणार नाही. "१० तारखेला ३२,००० चा हप्ता कापला जाणार आणि खात्यात १९,००० आहेत" असं लिहा. "घरात वातावरण बरोबर नाही" असं नको, "सासूबाई आणि मी रविवारपासून बोललो नाहीये आणि पहिलं मी बोलायला हवं हे मला माहीत आहे" असं. "भविष्याची भीती वाटते" म्हणणाऱ्या सदाशिव पेठेतल्या एमपीएससीवाल्या पोरानं लिहावं की "हा शेवटचा अटेम्प्ट असं बाबांना सांगितलंय आणि पूर्व परीक्षेत नाही निघालो तर गावी काय तोंड दाखवू." बघा, हे लिहिताना हात अडखळतो. जिथं अडखळतो तिथंच खरं ओझं असतं.

लिहून झालं की प्रत्येक वाक्यासमोर तीनपैकी एक खूण करा. हे माझ्या हातात आहे, हे दुसऱ्या कुणाला सांगायला पाहिजे, हे फक्त देवाच्या हातात आहे. हप्त्याच्या उदाहरणात बँकेत जाऊन मुदत मागणं माझ्या हातात, नवऱ्याला खरा आकडा सांगणं हे दुसऱ्या खुणेत, आणि नवीन नोकरी कधी लागेल हे तिसऱ्या. बऱ्याच जणांचं उलटं चालतं, बँकेत जाऊन बोलण्याचं काम देवावर टाकतात आणि नोकरी कधी लागेल याची काळजी स्वतः रात्रभर वाहतात.

मग तो कागद पुढ्यात पसरून, उघड्या डोळ्यांनी, एक एक ओळ वाचून देवाला सांगा. मोठ्यानं वाचता आलं तर उत्तम. "प्रभू हा हप्ता. बघ." एवढं सुद्धा प्रार्थनाच आहे.

तक्रार करायची परवानगी आहे

आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) प्रार्थनेची एक ठरलेली भाषा आहे, "हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकार मानतो की तू आम्हाला आणखी एक दिवस दाखवलास" वगैरे, मीटिंगमध्ये ती शोभते. पण एकट्यानं, पोटात गोळा आलेला असताना त्याच भाषेत बोलायला गेलं की घसा कोरडा पडतो. तिथं बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. १५० स्तोत्रं आहेत आणि त्यात विलापाची आणि गाऱ्हाण्याची स्तोत्रं भरपूर आहेत. स्तोत्र १३ सुरूच "हे परमेश्वरा, कोठवर?" या प्रश्नानं होतं आणि तो "कोठवर" दोन ओव्यांत (वचनांत) चार वेळा येतो. ८८ वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी गोड काही नाही, तरी ते शास्त्रात आहे.

स्वतःचं गाऱ्हाणं लिहायचं असेल तर स्तोत्र १३ ची चाल धरा, फक्त सहा ओव्या आहेत. आधी हाक आणि तक्रार, मग स्पष्ट मागणी, मग मागे देवानं काय केलंय त्याची आठवण आणि त्या आठवणीवर टेकून भरवसा. प्रत्येकाला दोन ओळी पुरतात. उदाहरण म्हणून एक लिहून दाखवते, भोसरीत शिफ्टला जाणाऱ्या माणसाचं समजा:

"देवा, किती दिवस? कंपनीनं तीन दिवसांचाच आठवडा केलाय आणि तू गप्प आहेस. घरी तोंड उघडायची लाज वाटते. मला या महिन्यात ओव्हरटाइम नाहीतर दुसरं काम दे, आणि पोरीच्या फीसाठी कुणापुढे हात पसरायची वेळ आणू नको. लॉकडाऊनमध्ये शेजारच्यांनी महिनाभर किराणा भरला तो तूच भरवलास हे मी विसरलेलो नाही. त्याच्यावर आज झोपतो."

यात शुद्धलेखन नाही, "परमकृपाळू" नाही, तरी त्या माणसाला रात्री झोप लागण्यासाठी हे जास्त उपयोगाचं आहे. मूल होत नसलेल्या हन्नाचं आठवा, १ शमुवेल १. ती मंदिरात रडत, नुसते ओठ हलवत प्रार्थना करत होती तर एली याजकाला वाटलं ही दारू प्यायलीये. आणि तिनं त्याला उत्तर दिलं की नाही स्वामी, मी माझं मन परमेश्वरापुढे ओततेय. त्यानंतर ती जाऊन जेवली आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. मूल व्हायचं होतं ते नंतर, चेहरा आधी बदलला.

शब्दच सुचत नसतील तर गाऊन बघा. आपल्याला रेव्हरंड टिळकांची गीतं आहेत, म्हणजे ना. वा. टिळक (१८६१ ते १९१९), त्यांनी अभंगाच्या आणि भजनाच्या चालीत येशूशी बोलायची भाषा मराठी माणसाला दिली आणि ती आजही देवळादेवळात म्हटली जातात. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक घरात कुठंतरी असेलच, आजीच्या कपाटात बघा. स्वयंपाक करता करता एक गीत सगळी कडवी पूर्ण म्हणणं ही कमी प्रतीची प्रार्थना नाहीये.

जागा आणि वेळ

मार्क १:३५ मध्ये येशू मोठ्या पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला असं आहे, आणि आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दारात जमलं होतं, म्हणजे दमणूक कमी नव्हती. पहाट जमत असेल तर पहाटच धरा. पण रात्रपाळीवाल्याला पहाटेचा हट्ट धरायला लावणं मला पटत नाही, आणि अंगावर पिणारं बाळ असलेल्या आईला तर अजिबात नाही. तिनं बाळ पाजताना जे पुटपुटलं ते मोजायचं.

घरात जागा नाही ही पुण्यातली खरी अडचण. दोन खोल्यांत सहा माणसं, टीव्ही चालू. त्यामुळे बाहेर जागा शोधा. टेकडीवर रोज चालायला जात असाल तर जातानाची अर्धी वाट इअरफोन काढून चाला, आणि मोठ्यानं बोलायचं असेल तर मात्र इअरफोन घालूनच ठेवा म्हणजे लोकांना वाटतं फोनवर बोलतोय! पीएमपीच्या बसमध्ये खिडकीची सीट मिळाली तर तेही देऊळच. आठवड्यात एखाद्या दिवशी खऱ्या देवळात जाऊन नुसतं बसा, भक्ती चालू नसताना. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, ज्याचा घंटेचा मनोरा वेगळा उभा आहे आणि ज्या भागाला आपण पंचहौद म्हणतो, किंवा क्वार्टर गेटचं सिटी चर्च, जे पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये उभं राहिलं. आजूबाजूला पेठांचा एवढा गोंगाट असून आत बसलं की पाच मिनिटांत खांदे खाली येतात. आधी फोन करून उघडं असतं का विचारा, उगाच हेलपाटा नको. आणि तुमचं स्वतःचं देऊळ कॅथलिक नसेल तरी कॅथलिक चर्चमध्ये शांत बसायला कुणी हरकत घेत नाही, आणि उलटही.

वेळ किती? पंधरा मिनिटं. तास-तासभर बसणाऱ्या मावशींशी स्वतःची तुलना करू नका, त्या रिटायर झाल्यात.

दिवसभरातल्या छोट्या प्रार्थना

नहेम्या २ मध्ये एक गंमत आहे. नहेम्या हा अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक. राजा विचारतो तुझा चेहरा का उतरलाय, काय हवंय तुला? चुकीचं उत्तर गेलं तर जीवावर बेतेल अशी परिस्थिती. आणि लिहिलंय की तेव्हा मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जेवढा वेळ असतो तेवढ्यात. मॅनेजरनं मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं की हे का डिले झालं, तर त्या दोन सेकंदात "प्रभू, जीभ सांभाळ" एवढं बसतं.

यासाठी आधीपासून एखादं छोटं वाक्य पाठ असलेलं बरं, ऐन वेळेला सुचत नाही. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांमध्ये शतकानुशतकं चालत आलेली एक प्रार्थना आहे, "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." ती श्वासाबरोबर म्हणतात. पहिला अर्धा श्वास घेताना, दुसरा सोडताना. श्वास सोडायला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावा, त्यानं हृदयाचे ठोके खरंच हळू होतात, हे शरीराचंच काम आहे, आणि शरीर पण देवानंच केलंय म्हटल्यावर त्यात कमीपणा काही नाही. लांब वाटत असेल तर "परमेश्वर माझा मेंढपाळ" घ्या, नाहीतर प्रभूच्या प्रार्थनेतली रोजच्या भाकरीची ओळ. त्या ओळीत मागणं आजच्या भाकरीचं आहे, पुढच्या वीस वर्षांच्या होमलोनचं नाही, हे चांदणी चौकात अडकलेलं असताना आठवलं तरी बरं वाटतं.

रोझरी (जपमाळ) करणाऱ्यांना हे सगळं सांगायची गरजच नाही, बोटात मणी असला की मन कमी पळतं हे त्यांना आधीच माहीत आहे.

उठून एक काम करा

परत नहेम्या, आता चौथा अध्याय. यरुशलेमचा कोट बांधताना शत्रू हल्ल्याची तयारी करतात, तेव्हा लोकांनी काय केलं? देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. दोन्ही, एकाच ओवीत (४:९). पहाऱ्याशिवायची प्रार्थना आणि प्रार्थनेशिवायचा पहारा, दोन्ही त्यांना परवडणारं नव्हतं.

तर वहीतल्या "माझ्या हातात" वाल्या यादीतून एकच गोष्ट निवडा आणि आमेन म्हटल्यापासून चोवीस तासांत करा. एकच. बँकेत जाऊन, हप्ता चुकायच्या आधी, बोला. हप्ता थकल्यावर जाण्यापेक्षा आधी गेलेल्या माणसाशी बोलायची भाषा वेगळी असते. रिझ्युमे पाठवा. शुगर तपासा. सासूबाईंना चहा द्या आणि "साखर कमी झाली का" एवढंच विचारा, माफीचं मोठं भाषण नको, चहापासून सुरुवात होते.

आणि काही वेळा ते एक काम म्हणजे नाही म्हणणं असतं. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला बघून त्याचा सासरा इथ्रो त्याला तोंडावर सांगतो की तू करतोस हे बरं नाही, तू पण झिजशील आणि लोकही, कामं वाटून दे. देवाचा एवढा मोठा सेवक, पण त्याला सल्ला आला तो सासऱ्याकडून. आपल्याकडे मंडळीत जी चार माणसं काम करतात त्यांच्यावरच क्वायर, संडे स्कूल, ख्रिसमसचं नाटक, हार्वेस्ट फेस्टिव्हलचे स्टॉल सगळं येतं आणि तीच माणसं आतून संपलेली असतात. डिसेंबरमध्ये एक जबाबदारी सोडलीत तर देवाचं राज्य थांबणार नाही.

कुणाला सांगायचं, किती सांगायचं

गेथशेमाने बागेत, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, येशूनं एकट्यानं प्रार्थना केली असं आपण म्हणतो, पण जाताना तो पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेऊन गेला आणि त्यांना सांगितलं की माझा जीव फार कष्टी आहे, जागे राहा. ते झोपले तो भाग वेगळा. पण त्यानं सांगितलं. बारा जणांना नाही, तिघांना.

हा आकडा चांगला आहे. दोन-तीन माणसं निवडा ज्यांच्या पोटात गोष्ट राहते. कॉटेज मीटिंगमध्ये (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) प्रार्थनाविनंती द्यायची असेल तर तिथं मोघम द्या, "कामाच्या ठिकाणी अडचण आहे, प्रार्थना करा" एवढं पुरे, आणि नेमकं त्या दोघा-तिघांना सांगा. कारण खरं सांगायचं तर आपल्याकडे "तिच्यासाठी प्रार्थना करायची आहे हं" या वाक्यानं सुरू होणाऱ्या गप्पा दापोडीहून निघून वडगाव शेरीला पोचेपर्यंत घटस्फोट झालेला असतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेडिकल रिपोर्टचे फोटो टाकू नका, नवऱ्याच्या दारूबद्दल तर मुळीच लिहू नका. तिथे चाळीस हात जोडलेले इमोजी येतात आणि भेटायला कुणी येत नाही. त्यापेक्षा पाळक साहेबांना किंवा फादरना घरभेटीला बोलवा, वेळ मागून घ्या, रविवारच्या गर्दीत पायरीवर उभं राहून हे विषय होत नाहीत.

आणि ऐकणाऱ्याच्या बाजूला असाल तर तीन गोष्टी बोलू नका: विश्वास वाढव, देवाची काहीतरी योजना असेल, आणि माझ्या नणंदेचं तर याहून वाईट होतं. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते तोपर्यंत छान होते, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. डबा घेऊन जा. ससूनच्या रांगेत नंबर लावायला बरोबर जा. तिथंच हळूच विचारा, प्रार्थना करू का?

रात्री दिवस बंद करायची पद्धत

इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात येशूसंघीयांना (जेझुइट या कॅथलिक संघातल्यांना) दिवसाचा आढावा घ्यायची पद्धत घालून दिली, येशूसंघाचे लोक ती आजही करतात, आपल्या नगर रोडवरच्या डी नोबिली कॉलेजात शिकणारे ब्रदर सुद्धा. ती आपल्यालाही जमते, अंथरुणात पडल्या पडल्या दहा मिनिटांत. आधी देवाकडे उजेड मागायचा, मग सकाळी उठल्यापासून आत्तापर्यंतचा दिवस मागून पुढे सरकवून बघायचा, कुठं बरं वाटलं तिथं थांबून थँक्यू म्हणायचं, कुठं आपण तिरसटलो किंवा खोटं बोललो तिथं क्षमा मागायची, आणि उद्यासाठी एक गोष्ट मागायची. पहिल्या दिवशी आभार मानायला काही सापडत नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्यानं मीटरनं नेलं हे आठवतं. चालेल, तेच घ्या.

प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात (४:६) चिंता करू नका, विनंती करा असं म्हणताना आभारासह असं मुद्दाम घातलंय, आणि ते पत्र त्यानं बंदिवासातून लिहिलंय. म्हणजे आभार मानायला परिस्थिती चांगली असायची अट नाहीये.

रविवारबद्दल एवढंच म्हणते की देवळातून आल्यावर लॅपटॉप उघडू नका. आठवड्यातली एक दुपार तरी मेल न बघता गेली पाहिजे. ही दहा आज्ञांपैकी चौथी (कॅथलिक मोजणीत तिसरी), पण आपण तिच्याकडे सल्ला म्हणून बघतो.

डॉक्टरकडे कधी जायचं

दोन आठवडे झाले, झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही, कामावर जाववत नाही, छातीत धडधड होऊन दरदरून घाम येतो, तर फॅमिली डॉक्टरकडे जा आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे. डायबेटिसची गोळी घेताना आपण विश्वासाला कमीपणा आला म्हणत नाही, मग डिप्रेशनच्या गोळीनंच काय घोडं मारलंय? चालू असलेली गोळी कुठल्याही सभेत, कुणीही डोक्यावर हात ठेवून सांगितलं तरी स्वतःच्या मनानं बंद करू नका; गोळी कमी करायची तर ती डॉक्टर करतात, आणि हळूहळू करतात.

जीव नकोसा झालाय, मरणाचे विचार येतायत, तर थांबू नका, आत्ता कुणाला तरी सांगा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. एलीया पण हेच म्हणाला होता हे वर आलंच आहे, त्यामुळे असा विचार आला म्हणजे आपण वाया गेलो असं समजू नका.

आणि जो कोणी सांगेल की अमुक रक्कम "बी" म्हणून पेर (म्हणजे आम्हाला दान दे) म्हणजे कर्ज फिटेल, त्याच्यापासून लांब राहा. कर्जात बुडालेल्या माणसाकडून पैसे मागणाऱ्याला माझ्याकडे नाव आहे पण ते इथं लिहित नाही.

आणि मागितलेलं नाही मिळालं तर

हे सगळं करूनही नोकरी जाते, माणूस जातो. पौलानं शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे न सुटणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनवणी केली (२ करिंथ १२), काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे असं उत्तर आलं. येशूनं गेथशेमानेत जो दुःखाचा प्याला टळू दे म्हणून मागितलं तोही टळला नाही.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण पंडिता रमाबाईंचं. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तर १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला, पदरात लहान मुलगी मनोरमा. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातल्या बायका-पोरी तिथं आल्या, आणि उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत बसल्या. १९२१ मध्ये ती एकुलती मनोरमा पण वारली. त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली नसेल का? केली असणारच. रमाबाई त्यानंतर वर्षभर सुद्धा जगल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, पण तोपर्यंत त्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नव्हतं.

तेव्हा उत्तर "नाही" आलं तर वहीत त्या ओळीपुढे तारीख टाकून तसंच लिहा, खोडू नका. राग आला असेल तर तोही खाली लिहा, ८८ वं स्तोत्र काढा आणि तेच वाचा, दुसरं काही नाही. त्या आठवड्यात पंधरा मिनिटं बसवत नसेल तर प्रार्थनेचं काम त्या दोघा-तिघांवर सोपवा, त्यांना फोन करून सांगा की या आठवडी माझ्याच्यानं होणार नाही, तुम्ही करा. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उचकटून खाली सोडलं होतं, मार्क २ मध्ये आहे, आणि तिथं येशूनं विश्वास बघितला तो "त्यांचा".